पद्मिनी गरम झाली की सिग्नलला बंद पडते, एअर स्क्रू फिरवून काहीच फरक नाही

कराडची_पद्मिनी:
मंडळी नमस्कार. घरची प्रीमियर पद्मिनी आहे, ८६ची, वडिलांनी नवी घेतलेली. इंजिन ओरिजिनल १०८९ सीसी, सोलेक्सचा कार्बोरेटर. सकाळी चोक ओढून पटकन चालू होते आणि चोक आहे तोवर मस्त चालते, पण टेंपरेचर वर आलं आणि चोक आत ढकलला की थरथरायला लागते आणि सिग्नलला पाय उचलला की बंद. मिस्त्री प्रत्येक वेळी स्लो स्पीडचा स्क्रू अजून थोडा आवळतो, त्याने आता भलतंच झालंय, पाय काढला तरी इंजिन बराच वेळ वरच ओरडत राहतं आणि मग खाली येतं ते थेट बंद पडायलाच. एअर स्क्रू पूर्ण आत घातला, बाहेर काढला, ढिम्म फरक नाही. प्लग नवे, एअर फिल्टर नवा, कार्बोरेटरचं किट पण टाकून झालं. हायवेला ७०-८०ला मात्र मख्खन पळते. मिस्त्री म्हणतो कार्बोरेटर गेला, दुसऱ्या गाडीचा बसवू. मला ते करायचं नाहीये. काय बघू?

डुक्करफियाट:
कार्बोरेटर बदलू नका हो, तुमच्या गाडीने सगळं सांगितलंय. एअर स्क्रूने फरक पडत नाही म्हणजे गाडी आयडलच्या (पाय काढल्यावर पेट्रोल देणाऱ्या) सर्किटवर चालतच नाहीये. स्लो स्पीडचा स्क्रू आवळून आवळून बटरफ्लाय (कार्बोरेटरमधली हवेची झडप) इतका उघडा राहिलाय की पेट्रोल वरच्या प्रोग्रेशनच्या (आयडलवरून रेस वाढताना लागणाऱ्या) भोकांतून येतंय, मग खालचा स्क्रू फिरवा नाहीतर पूजा करा त्याची, काय फरक पडणार. आणि चोकवर चालते, चोक काढला की मरते, रेस खाली यायला वेळ लावते, ही सगळी मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असल्याची लक्षणं. हायवेला बरी पळते कारण तिथे मेन जेट काम करतो. म्हणजे एकतर पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारा, बारीक भोकाचा) चोंदलाय किंवा कार्बोरेटरच्या खाली कुठूनतरी हवा खेचतेय.

गाडी गरम करा, चालू ठेवा, एअर फिल्टर काढून तोंडावर हात अर्धा धरा. आवाज सुधारला, रेस वाढली तर लीन आहे हे नक्की. मग ऑइलच्या कुप्पीने दोन थेंब कार्बोरेटरच्या बुडाच्या गॅस्केटवर आणि बटरफ्लायच्या स्पिंडलच्या (तो ज्यावर फिरतो त्या दांड्याच्या) दोन्ही टोकांना सोडा. जिथे सोडल्यावर इंजिनचा सूर बदलेल तिथून हवा जातेय. लोक यासाठी स्प्रे मारतात, गरम एक्झॉस्टवर तो उडाला तर पेट घेतो, नको ते.

नानापेठ_स्पेअर्स_प्रेमी:
वरचं सगळं बरोबर पण आधी पॉईंट (डिस्ट्रिब्युटरमधला, उघडला की प्लगला स्पार्क देणारा स्विच) बघा!! कार्बोरेटरचे अर्धे रोग डिस्ट्रिब्युटरमधे असतात. पॉईंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की पॉईंट उशिरा उघडतो म्हणजे टायमिंग मागे जातं आणि स्लो स्पीड आपोआप पडतो. ०.४५ एमएमच्या आसपास ठेवा, फीलर गेजनेच, ब्लेडच्या पात्याने नाही. कंडेन्सर पण बदला. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने आहेत ना बघून घ्या, रेडिएटरकडचा एक नंबर. एक सिलिंडर मेला असला तरी असंच थरथरतं, चालू गाडीत एकेक वायर काढून बघा, जी काढल्यावर फरक पडत नाही तोच चोर. झटका बसतो, कोरडं फडकं घेऊन धरा.

पेट्रोलपंपापलीकडे:
हल्लीच्या पेट्रोलचा काहीच विचार नाही करत कोणी? २० टक्के इथेनॉल असतं त्यात, ऑक्सिजन जास्त म्हणजे त्याच जेटवर गाडी आधीपेक्षा लीन. शिवाय ते पाणी ओढून घेतं, गाडी महिनाभर उभी राहिली की फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाला पांढरी-हिरवट पूड साचते आणि तीच जाऊन पायलट जेटमधे बसते. जुने रबरी पाइप पण चिकट होतात. किट टाकलं म्हणजे जेट साफ झाला असं नसतं, किटमधे गॅस्केट आणि वॉशर.

डुक्करफियाट:
इथेनॉलने थोडं लीन होतं हे मान्य, पण तेवढ्याने गाडी बंद पडत नाही, एअर स्क्रू जरा बाहेर काढला की भागतं. स्पिंडल आधी. आणि एक, मिस्त्री बाईकवाला असेल तर सांगा त्याला, बऱ्याच बाईकमधे एअर स्क्रू आत घातला की रिच (पेट्रोल जास्त) होतं, इथे उलट, आत म्हणजे लीन. कारण इथे तो हवा नाही, मिक्श्चर अडवतो.

कराडची_पद्मिनी:
सगळ्यांचे आभार, काल बसलो. पॉईंटचा गॅप खरंच कमी होता, सेट केला, थोडी सुधारली. पायलट जेट काढून ट्यूबलाइटसमोर धरला तर भोकाच्या जागी फक्त एक बारीक चंद्रकोर दिसत होती! स्टीलची तार न घालता वायरमधली तांब्याची एक काडी घालून आणि हवा मारून साफ केला, आता गोल दिसतंय. यानंतर एअर स्क्रूला गाडी उत्तर द्यायला लागली. पण रेस अजून लटकते. बुडाला ऑइल सोडलं, काही नाही, स्पिंडलच्या लिंकेजकडच्या टोकाला सोडल्याबरोबर सूर एकदम खाली आला आणि निळा धूर. हाताने हलवून बघितला तर स्पिंडल चक्क खडखड वाजतो.

डुक्करफियाट:
सापडला. बॉडी लेथवाल्याकडे द्या, दोन्ही बाजूंनी पितळी बुश बसवून घ्या, स्पिंडल झिजला असेल तर तोही नवा. मुंबईत टॅक्सीच्या काळातला माल ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याला अजून मिळतो, काळी-पिवळी पद्मिनी २०२३ला रस्त्यावरून गेली पण स्पेअर सगळे संपले नाहीत. परत जोडताना स्लो स्पीडचा स्क्रू पूर्ण सोडा, बटरफ्लाय बंद होऊ दे, मग स्क्रू टेकल्यावर एक फेरा आत. एअर स्क्रू हलक्या हाताने टेकवून दीड फेरा बाहेर, आवळू नका, टोकाला चर पडतो. गाडी पूर्ण गरम, चोक आत, एअर फिल्टर लावलेला, मग एअर स्क्रू फिरवून रेस सगळ्यात वर जाईल तिथे थांबा, स्लो स्पीड खाली आणा, असं दोनतीनदा करा.

नानापेठ_स्पेअर्स_प्रेमी:
आणि लेथवाल्याकडून आल्यावर बटरफ्लायचे ते दोन बारके स्क्रू नीट लॉक केलेत का ते स्वतःच्या डोळ्याने बघा, मागून ठोकून पसरवायचे असतात. सुटला तर थेट इंजिनमधे जातो.