स्टेप्स चॅलेंजचं बक्षीस वाढवू का? गरज ज्यांना आहे तेच येत नाहीत

आमच्याकडे साधारण तीनशे लोक आहेत आणि वेलनेसचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या वर्षी तीन महिन्यांचं चॅलेंज ठेवलं, रोज १०,००० पावलं, पहिल्या दहा जणांना गिफ्ट व्हाउचर. पहिला आठवडा जोरात गेला, मग ओसरलं, आणि बक्षिसं गेली कोणाला तर जे आधीपासूनच रोज पळायला जातात त्यांनाच. दिवसभर खुर्चीतून न उठणारे बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यातच गळाले. यंदा बजेट दुप्पट आहे. व्हाउचर मोठं केलं तर ते टिकतील का, की पैसे दुसरीकडे घालू? मला खरंच काहीतरी उपयोगाचं करायचंय.

आकडेमोड
नुसतं व्हाउचर मोठं करू नका, ते परत त्याच दहा जणांकडे जाईल. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्या जवळपास ५,००० कर्मचाऱ्यांवर हेच तपासलं, प्रोग्रॅम कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही ते लॉटरीसारखं ठरवून, आणि दिसलं असं की भाग घेणाऱ्यांचा दवाखान्याचा खर्च प्रोग्रॅमच्या आधीपासूनच कमी होता. म्हणजे आपण ज्याला प्रोग्रॅमचं यश म्हणतो ते बऱ्याचदा कोण आलं त्याचं असतं.
आणि १०,००० चा आकडा मनातून काढाच, तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना आला, डॉक्टरांनी ठरवलेला नाही. जो ३,००० चालतो त्याला रोज ४,००० ला बक्षीस द्या, स्पर्धा त्याची स्वतःशीच. पेनसिल्व्हेनियाचा २८१ कर्मचाऱ्यांचा एक प्रयोग आहे, टार्गेट ७,००० पावलं. एका गटाला टार्गेट गाठलं की रोज १.४० डॉलर, दुसऱ्या गटाच्या नावावर महिन्याचे पैसे आधीच जमा आणि चुकलेल्या दिवसाचे १.४० कापायचे. रक्कम तीच, पण कापले जाणाऱ्यांनी ४५% दिवस टार्गेट गाठलं, काहीच न मिळणाऱ्यांनी ३०%, आणि नंतर मिळणाऱ्यांचा फरक नाव घेण्यासारखा नव्हता.

सुटलेली_सिगारेट
पावलांचं मला माहीत नाही पण सिगारेटला पैसा लागू पडतो हे मी स्वतः अनुभवलंय, अकरा वर्षं ओढत होतो आणि आमच्या कंपनीने टप्प्याटप्प्याने रक्कम दिली, एक महिना, सहा महिने, वर्ष, प्रत्येक वेळी टेस्ट करून. टेस्ट होती म्हणून मी स्वतःला फसवू शकलो नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या ८७८ कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग झालेला, एकूण ७५० डॉलरपर्यंत, वर्षाच्या आसपास पैसेवाल्या गटात १४.७% लोकांची सिगारेट सुटलेली होती, पैसे न मिळालेल्या गटात ५%. म्हणजे बहुतेकांची तरीही सुटली नाही, पण जवळजवळ तिप्पट हे कमी नाही हो. एखादी ठरावीक सवय निवडा, सगळं एकदम नको.

गुडघेदुखी
तुमच्या गळालेल्या लोकांपैकी मी एक असू शकते म्हणून लिहितेय. माझा गुडघा वाईट आहे, आणि रोज सकाळी ग्रुपवर यादी यायची त्यात माझं नाव तळाला. दहा दिवसांनी मी फोन घरीच ठेवायला लागले. आळस नव्हता ताई, लाज वाटायची. यादी बंद करा, आकडे ज्याचे त्याला दिसू देत आणि चालण्याऐवजी दुसरं काही निवडायची मुभा द्या. आणि व्हाउचरपेक्षा मला वेळ हवाय! जेवणाच्या सुट्टीत मीटिंग न लावणं, एवढं झालं तरी मी वीस मिनिटं हळूहळू का होईना फिरेन.

प्रश्नकर्ती
गुडघेदुखी, तुमचं वाचून वाईट वाटलं, ती यादी मीच रोज टाकायचे. यंदा नाही टाकणार. टार्गेट प्रत्येकाचं वेगळं ठेवते आणि दुपारी एक ते दोन या वेळेत मीटिंग बंद करायचं सोमवारी वरती मांडते. फक्त जमा करून कापायचं म्हणजे लोकांना दंड वाटेल का?

आकडेमोड
पगारातून कापलंत तर वाटणारच. बक्षिसाचे पैसे वेगळे ठेवा, पगाराला हात लावू नका, आणि आजारपणाचे दिवस मोजूच नका.