राइनबेकच्या लोकर मेळाव्याला चौघी मिळून जात आहोत. खरेदीचे नियोजन कसे करावे?

अर्धा_गुंडा
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि आमचा चौघींचा विणकामाचा गट आहे. न्यूयॉर्क राज्याचा मेंढी आणि लोकर मेळावा, ज्याला विणणाऱ्या बायका गावाच्या नावाने नुसते 'राइनबेक' म्हणतात, तो दरवर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी भरतो. यंदा तिथे पहिल्यांदाच जायचे आम्ही ठरवले आहे. माझी खरी अडचण अशी, की घरात आधीच दोन खोके लोकर पडून आहे आणि त्यातल्या बहुतेक लड्या एकेकट्या आहेत. रंग आवडला म्हणून घेतल्या, पण एका लडीचे काय करायचे हे घेताना ठरवलेच नव्हते. या वेळी मला माझ्यासाठी एका स्वेटरची लोकर घ्यायची आहे आणि पुण्यात राहणाऱ्या आईसाठी एका शालीची. आईला लोकर मानेला टोचते. किती लड्या घ्याव्यात, शनिवारी जावे की रविवारी, आणि चौघींनी एकत्रच फिरावे का, याबद्दल अनुभवी व्यक्तींनी कृपया सांगावे.

सुलट_उलट
मी पाच वेळा जाऊन आले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ठरावीक रंगारिणींच्या हाताने रंगवलेल्या लड्या हव्या असतील, तर शनिवारी दारे उघडण्याआधी रांगेत उभे राहण्याला पर्याय नाही, कारण लोकप्रिय रंग दुपारपर्यंत संपतात. मेंढपाळांशी दोन शब्द बोलून निवांत खरेदी करायची असेल, तर रविवार चांगला. तुमची गरज वाचून मी रविवारच सुचवेन. हाताने रंगवलेली लोकर आता घरबसल्याही मागवता येते; पण ज्या शेतावरच्या मेंढ्यांची लोकर कातून त्याच शेताचे मालक मांडवात बसलेले असतात, ती लोकर हात लावून पाहण्याची संधी तिथेच मिळते. रॉम्नी, बॉर्डर लेस्टर, कॉर्मो, शेटलँड अशा जातींची लोकर शेजारी शेजारी ठेवून पाहिली, की नुसते 'लोकर' हा शब्द किती अपुरा आहे ते कळते. कॉर्मो ही टास्मानियात मेरिनो आणि कॉरिडेल यांच्या संकरातून तयार झालेली जात आहे. तिचा धागा बारीक आणि लवचीक असतो. रॉम्नीचा धागा जाडसर, पण टिकाऊ आणि किंचित चमकदार असतो. इतर कपड्यांवरून घालायच्या स्वेटरसाठी मी रॉम्नीच घेईन.

प्रमाणाबद्दल सांगायचे, तर लड्या मोजू नका, यार्ड मोजा. फिंगरिंग (बारीक धागा) जाडीच्या 100 ग्रॅम लडीत साधारण 400 यार्ड असतात, तर वर्स्टेडच्या (मध्यम जाड धागा) तेवढ्याच वजनात सुमारे 200. मध्यम मापाच्या स्वेटरला वर्स्टेड 1000 ते 1200 यार्ड लागते, म्हणजे सहा लड्या. फिंगरिंगमध्ये 1600 यार्ड धरले, तर चार लड्यांत काम होते. नमुना निवडून, त्यात दिलेला आकडा वहीत लिहून मगच घराबाहेर पडा आणि एक लडी जास्त घ्या, कारण छोट्या भांड्यांत रंगवलेल्या लड्या एकाच रंगाच्या म्हणवल्या तरी तंतोतंत सारख्या नसतात आणि नंतर मागवलेली लडी हमखास वेगळी दिसते. विणताना दोन लड्या आळीपाळीने, दर दोन ओळींना बदलत वापरल्या, की तो फरक पट्ट्यांसारखा उठून दिसत नाही.

आईच्या शालीची लोकर तळहाताने पारखू नका. हाताची कातडी जाड असते. लडी जबड्याखाली मानेला लावून दोन-तीन मिनिटे तशीच धरा. लोक बघतील, पण तिथे निम्म्या बायका हेच करत असतात. 'सुपरवॉश' असे लिहिलेल्या लोकरीच्या तंतूंवरचे खवले रासायनिक प्रक्रियेने काढलेले किंवा झाकलेले असतात. त्यामुळे ती यंत्रात धुतली तरी आटून घट्ट होत नाही. मात्र खवल्यांची एकमेकांवरची पकड गेल्यामुळे ओला स्वेटर लांबतो. नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच माप घ्या.

टकळीवाली
वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त एक भर घालते. माझे माहेर सांगोल्याकडचे, त्यामुळे 'टोचणारी लोकर म्हणजे वाईट लोकर' हे मला पटत नाही. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर भरड असते, म्हणूनच चिंचोक्यांची खळ दिलेली घोंगडी माळरानावरच्या पावसात आणि थंडीत उपयोगी पडते. जी लोकर मानेला चालत नाही, ती पिशवीला किंवा बसकरीला उत्तम चालते. आईच्या शालीसाठी मात्र बारीक मेरिनो आणि रेशीम यांचे मिश्रण, तेही लेस जाडीचे, म्हणजे फिंगरिंगपेक्षाही बारीक, घ्यावे. पुण्याच्या थंडीला त्याहून जाड काही लागत नाही. शाल कपाटात ठेवण्यापूर्वी धुऊन पूर्ण वाळवायला आईंना सांगा. घामाचा अंश राहिलेल्या लोकरीला कसर लवकर लागते.

चौथी_सुई
एकत्र फिरण्याबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. आम्ही पहिल्या वर्षी पाचजणी हातात हात घालून फिरलो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. एकीला प्रत्येक मांडवात अर्धा तास हवा होता, दुसरीला मेंढपाळी कुत्र्यांची प्रात्यक्षिके पाहायची होती. तेव्हापासून सकाळी दोन-दोन जणींनी फिरायचे आणि एक वाजता ठरलेल्या जागी भेटायचे, असा आमचा रिवाज आहे. गर्दीत फोन लागत नाही, त्यामुळे जागा आधीच ठरवावी. तळलेल्या आर्टिचोकच्या (एक भाजी) रांगेत एकीने उभे राहावे, बाकीच्यांनी बाके धरावीत. सकाळी कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन असते, तेव्हा कपडे एकावर एक घाला. या मेळाव्यासाठी खास विणलेला नवा स्वेटर घालून येण्याची तिथे प्रथाच आहे. अनोळखी बायका थांबवून नमुन्याचे नाव विचारतात.

एकेकट्या लडीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. एक लडी म्हणजे एक मोजेजोड किंवा एक टोपी, आणि बरोबर आलेल्या मैत्रिणीने निवडून दिलेली लडी असेल, तर ती खोक्यात पडून राहिली तरी मला तिचा जाच वाटत नाही.

अर्धा_गुंडा
सर्वांचे मनापासून आभार. रविवार नक्की केला आहे आणि माझ्यासाठी रॉम्नीच्या सात लड्या वहीत लिहून ठेवल्या आहेत. एकट्या लडीबाबत आमच्या गटात मतदान झाले. प्रत्येकीने दुसरीसाठी एकच लडी निवडायची आणि ती पुढच्या मेळाव्यापूर्वी विणून दाखवायची, असे ठरले आहे. माझ्या वाट्याला जी मैत्रीण आली आहे, तिला जांभळ्याशिवाय दुसरा रंग दिसत नाही.