मदत हवी आहे: आबांना 'शेक' म्हणजे काय ते कसं समजावू? (३५ पैकी १७ झाले)

माणदेशी_लेक

माझे वडील, आबा, वय ६४. जिभेच्या मुळाशी कर्करोग. ऑपरेशन नाही. रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप) रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार, असं एकूण ३५ वेळा, आणि सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. आज १७वं झालं. तिसऱ्या आठवड्यापासून तोंडभर फोड आलेत, लाळ चिकट झालीय, मऊ भातसुद्धा गिळवत नाही.

आमच्या भागात याला सगळे शेकच म्हणतात. आबांनी आयुष्यभर मेंढरं राखली. काल मला म्हणाले, "जाळायचंच हाय तर येकदाच जाळा की. रोज रोज कशाला शेकताय?" मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात गावच्या देवाची जत्रा आहे. त्यांचं म्हणणं, आठ दिवस गावी जाऊ, तोंडालाही आराम पडेल, मग राहिलेले घेऊ. डॉक्टर "खंड पाडायचा नाही" एवढंच म्हणाले. बाहेर पन्नास माणसं ताटकळत होती, मला पुढे विचारायचा धीर झाला नाही. पण कारण कळल्याशिवाय आबा कुणाचं ऐकत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

अजून दोन गोष्टी. मानेतली गाठ हाताला अजून लागते, मग उपयोग होतोय का? आणि ते चोरून विडी ओढतात. "आता व्हायचा तो रोग झाला, इडीनं अजून काय हुनार?" यावर काय बोलू? कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

किरणवाट

ताई, मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, लिनॅकवर, म्हणजे हे किरण देणाऱ्या यंत्रावर, १४ वर्षं काम करतोय. आधी 'शेक' हा शब्द बाजूला ठेवू, सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. २ ग्रे म्हणजे किलोमागे २ ज्यूल ऊर्जा. तेवढ्याने पाणी एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकं तापतं. त्यात काही भाजणं शक्यच नाही.

हे एक्स-रेच आहेत, छातीच्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त ताकदीचे. ते शरीरात शिरले की अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात. उडालेला इलेक्ट्रॉन वाटेतले पाण्याचे रेणू फोडत जातो, आणि पेशीत बहुतेक पाणीच असतं. त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा फार आक्रमक तुकडा तयार होतो. नॅनोसेकंदांत तो संपतो, पण तेवढ्या वेळात जवळ डीएनए, म्हणजे पेशीचा आराखडा, सापडला तर त्याची दोन खांबांची शिडी तोडतो. एक्स-रेने होणारं साधारण दोन तृतीयांश नुकसान या पाण्याच्या वाटेनेच होतं. शिडीचा एक खांब तुटला तर पेशी दुसरा बघून तो जोडून घेते. १ ग्रेला एका पेशीत अशा हजारेक एकेरी तुटी होतात आणि बहुतेक भरूनही निघतात. दोन्ही खांब जवळजवळ तुटले की मात्र जोडणी अवघड. अशा दुहेरी तुटी १ ग्रेला ३५-४० असतात. पेशी मरते ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

आता "येकदाच जाळा की" याचं उत्तर. किरणांच्या वाटेत निरोगी पेशीही येतात आणि त्याही तुटतात. पण त्या थांबून दुरुस्ती करतात, आणि २४ तासांत बरंचसं काम उरकतं. कर्करोगाच्या पेशींची दुरुस्तीची आणि थांबण्याची यंत्रणा बहुधा बिघडलेली असते. म्हणून रोजचा छोटा डोस निरोगी भागाला सावरू देतो आणि गाठीत तूट साचत जाते.

हे आबांना पटेल अशा रीतीने सांगायचं तर मेंढ्यांचीच गोष्ट सांगा, खरी आहे. १९२०च्या दशकात पॅरिसला क्लॉडियस रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. अंडकोषात पेशी सतत वाढतात, म्हणून तो गाठीच्या जागी धरला, आणि वरची कातडी निरोगी भाग म्हणून. एकाच मोठ्या डोसात मेंढा वांझ करायला गेलं की कातडी वाईट जळायची. तोच डोस दिवसांवर वाटून दिला तर मेंढा वांझ झाला आणि कातडी टिकली. त्याच संस्थेतल्या आंरी कुतार यांनी ही रीत घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर वापरली. आबांचे ३५ दिवस तिथून आलेत.

गाठ अजून लागते म्हणून घाबरू नका. डीएनए तुटलेली पेशी लगेच मरत नाही. पुष्कळदा ती विभागायला जाते तेव्हा कोसळते, कधी एकदोन विभागण्यांनंतर. मग तो मेलेला माल शरीराला हळूहळू उचलावा लागतो. रोग उरलाय का ते बघणारा पेट-सीटी स्कॅन उपचार संपल्यावर साधारण १२ आठवड्यांनी करतात ते याचसाठी.

जत्रेसाठी खंड मात्र नको, हे अगदी कळकळीने सांगतो. चौथ्या आठवड्याच्या सुमाराला वाचलेल्या कर्करोगपेशी जास्त वेगाने वाढू लागतात. तुम्ही नेमक्या त्याच टप्प्यावर आहात. या टप्प्यात रोजच्या २ ग्रेमधले अंदाजे ०.६ ग्रे ही वाढ थोपवण्यातच जातात. डोकं-मान भागातल्या कर्करोगात उपचार एक दिवस लांबला की तिथला रोग आटोक्यात येण्याची शक्यता १ टक्क्याच्या आसपास घटते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. यंत्र बंद पडून दिवस बुडालाच तर डॉक्टर शनिवारी घेतात, किंवा किमान ६ तास सोडून एका दिवशी दोन देतात. ते त्यांनीच ठरवायचं.

विडी: डीएनएची तूट पक्की व्हायला त्या क्षणी पेशीत प्राणवायू लागतो. प्राणवायू नसलेल्या पेशीला मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरून बसतो, म्हणजे गाठीपर्यंत प्राणवायू कमी पोचतो. सकाळी विडी ओढून यंत्राखाली झोपणं म्हणजे त्या दिवसाच्या किरणांची धार आपणच बोथट करणं. हिमोग्लोबिनच्या तपासण्याही चुकवू नका.

रानजाई

वरचं सगळं वाचताना सासऱ्यांचे ते ७ आठवडे डोळ्यांसमोर आले. माझं फक्त खाण्याबद्दल. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून सात-आठ वेळा. दुखण्याचं औषध डॉक्टरांना विचारून जेवणाआधी अर्धा तास. वजन उतरत असेल तर नाकातून अन्न द्यायच्या नळीला घाबरू नका. आम्ही ती दहा दिवस उशिरा घातली, फार हाल झाले. आणि वजन फार उतरलं की किरण देताना डोकं हलू नये म्हणून लावतात तो चेहऱ्याचा मास्क सैल होतो, सगळं प्लॅनिंग पुन्हा करावं लागतं.

माणदेशी_लेक

दोघांचेही मनापासून आभार. एक राहिलं. भावाचा मुलगा दोन वर्षांचा आहे. आबा त्याला जवळ घेत नाहीत, "माझ्या अंगात किरणं हायत" म्हणतात.

किरणवाट

नाही, अजिबात नाही. यंत्र बंद झालं की किरणं संपली, अंगात काही उरत नाही. आजच मांडीवर घेऊ द्या.

माणदेशी_लेक

काल रात्री धर्मशाळेत बसून सगळं सांगितलं. मेंढ्याची गोष्ट दोनदा ऐकली. पहिला प्रश्न, "आन् मेंढा जगला का?" मग बराच वेळ गप्प. नंतर आपणच म्हणाले, "हरळीगत हाय म्हना की. आठ दिस सोडली की पुन्यांदा पसरती."

जत्रेला भाऊ एकटा नैवेद्य घेऊन जाईल. नातू सकाळपासून मांडीवरून उतरलेला नाही. विडीचं बंडल अजून खिशात आहे, त्यावर बोलणं चालू आहे. आज १८वं झालं. वजन साडेचार किलो उतरलंय, म्हणून नळीचं उद्याच विचारते.