आईवडिलांनाच बौद्धिक अक्षमता असेल, तर मूल वाढवताना मदत कोणी आणि किती करायची?

मेघना_व (धागाकर्ती)
बौद्धिक अक्षमता असलेल्या बाईला दिवस गेले की आजूबाजूची माणसं दोनच गोष्टी बोलतात. "हे होऊच द्यायला नको होतं" किंवा "आता मूल दुसऱ्या कोणाच्या तरी हवाली करा." तिला शिकवायचं कोणी, तिने रात्री-अपरात्री हाक कोणाला मारायची, याबद्दल सगळे गप्प. वडिलांचं तर कोणी नावही काढत नाही.

माझं ठाम मत आहे की मदत बाळ जन्मायच्या आधीच ठरलेली असावी आणि मूल मोठं होईपर्यंत टिकावी. तक्रार आल्यावर धावत जाण्याला मी मदत म्हणणार नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे, त्याचं २३ वं कलम स्वच्छ आहे: मूल वाढवायला अशा पालकांना सरकारने योग्य ती मदत द्यायची, आणि निव्वळ अपंगत्वाच्या कारणावरून, मग ते मुलाचं असो की पालकांचं, ताटातूट करायची नाही. तुम्हाला काय वाटतं?

निवांत
कळकळ पोचली, पण असहमत. या चर्चेत नेहमी पालकांचा हक्क पुढे येतो आणि बाळ मागे राहतं. दोन महिन्यांच्या बाळाला ताप चढला किंवा जुलाब लागले तर काही तासांत जिवावर बेततं. आईला ते ओळखता आलं नाही तर कलम २३ काय कामाचं?

आणि हे पहिल्या वर्षापुरतं नाही. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की घरात आलेले कागद तेच वाचतं, आईच्या गोळ्यांच्या वेळा तेच सांभाळतं. त्याचं बालपण त्याला परत कोण देणार?

घरभेट
मी बाळंतिणींच्या घरी जाऊन काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

एका आईचं बाळ सारखं किरकिर करायचं, त्याची शी घट्ट व्हायची. "माप नीट घाला" असं तिला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. मी शेजारी बसून पाहिलं, तर ती बाटलीच्या दुधाच्या पावडरचा प्रत्येक चमचा शीग भरून घालत होती. तिच्या लेखी नीट म्हणजे भरपूर. दूध इतकं घट्ट झालं की बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडू शकतं, म्हणजे गोष्ट साधी नव्हती. मग चमचा डब्याच्या काठावर घासून सपाट करायचा, हे तिच्याच हातून करून घेतलं. पुन्हा पुन्हा. बाटलीवर पाण्याच्या खुणेशी लाल चिकटपट्टी लावली. आधी पाणी, मग पावडर, अशा एकेका पायरीचा फोटो काढून ओट्यावरच्या भिंतीला चिकटवला. फोटोत हात तिचेच होते. बरोबर जमलं की तिथल्या तिथे तसं सांगायचं, चुकलं तर न रागावता परत दाखवायचं.

हे काही माझं डोकं नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मॉरिस फेल्डमन यांनी चित्रांच्या पुस्तिका आणि घरी करून दाखवणं, याच वाटेने वर्षानुवर्षं काम केलंय. वर्गात बोलावून शिकवलेलं बऱ्याचदा वर्गातच राहतं, कारण तिथला ओटा वेगळा, बाटली वेगळी. शिकवायचं तर तिच्याच घरात.

फक्त एक लक्षात ठेवा. बाळ रांगायला लागलं की बाटलीचे फोटो निरुपयोगी. मग बादलीतलं पाणी, विजेचे सॉकेट, खाली पडलेली गोळी, सगळं नव्याने शिकवावं लागतं. तीन महिन्यांची योजना आखून "झालं काम" म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी.

थोरली
समाजाने मदत करावी हे वाचून वाचून थकले. समाज म्हणजे नेमकं कोण, हे कोणी सांगेल का? आमच्या घरी समाज म्हणजे मी. धाकटीला बौद्धिक अक्षमता आहे, तिचा मुलगा चार वर्षांचा. मध्यरात्री फोन मला, शाळेचा निरोप मला, लसीची तारीख माझ्या डोक्यात. जरा कुरकुर केली की "तुझीच बहीण ना" ऐकवायला सगळे हजर.

माझी बहीण चांगली आई आहे. जमिनीवर बसून तासन् तास त्याच्याशी खेळते, तिचा हात कधी त्याच्यावर उठला नाही. तिच्याकडून त्याला काढून घ्या म्हणणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही. पण उद्या मी आजारी पडले तर तिने कोणाला हाक मारायची, याचं उत्तर मला लेखी हवंय.

निवांत
@थोरली, मला हेच म्हणायचं होतं. मदत म्हणजे शेवटी घरातल्या एका बाईच्या गळ्यात धोंडा. त्यापेक्षा बुद्ध्यंकाची एक मर्यादा ठरवा, त्याखाली मूल सुरुवातीपासूनच दुसऱ्या घरी द्या. निदान सगळ्यांना नियम एकच राहील.

पानगळ
निवांत, या वाटेने जग एकदा जाऊन आलंय. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. तिची आई, ती आणि तिची तान्ही मुलगी व्हिव्हियन, तिघींना मंदबुद्धी ठरवण्यात आलं होतं. पुढे ती मुलगी शाळेत गेली आणि गुणवंतांच्या यादीत झळकली. आठव्या वर्षी आजारपणात गेली. बाळाकडे बघून काढलेला निष्कर्ष इतका खोटा ठरला!

अलीकडचंही सांगते. बौद्धिक मर्यादेचं कारण देऊन जर्मनीतल्या कुट्झनर दांपत्याच्या दोन मुलींना दुसऱ्या कुटुंबांत ठेवलं होतं. २००२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने यात कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निकाल दिला. ताटातूट करण्याआधी जादा मदतीचा पर्याय पुरेसा तपासला होता का, हा न्यायालयाचा एक मुख्य आक्षेप होता. बुद्ध्यंकाच्या आकड्यात गरिबी दिसत नाही, एकटेपणा दिसत नाही, त्या आईचं स्वतःचं लहानपण कसं गेलं हे दिसत नाही. मुलाचं काय होणार हे तर यावरच जास्त अवलंबून असतं.

चिऊची आई
मी आई आहे. मला शिकायला वेळ लागतो. भाची टाइप करून देते आहे, शब्द माझे आहेत.

माझ्याकडे दोघी येतात. एक म्हणते रडली की लगेच उचल. दुसरी म्हणते रडू दे, सवय लागेल. मी एकीचं ऐकलं की दुसरी रागावते.

मी काही विचारलं की वहीत लिहून घेतात. मला वाटतं ते लिहून मुलीला नेतील. म्हणून मी विचारत नाही. भाचीला विचारते.

मेघना_व
@चिऊची आई, लिहिलंत हे फार बरं केलंत.

बाकीच्यांना विनंती, वहीचा मुद्दा दोनदा वाचा. जी मदत करते तीच अहवाल लिहीत असेल, तर मदत मागणं हाच पुरावा होऊन बसतो. मग पालक लपवायला लागतात, आणि निवांत ज्या तापाची भीती घालतात तो ताप लपवल्यामुळेच वाढतो. म्हणून दोन माणसं वेगळी हवीत. एक शिकवणारी, आणि दुसरी पालकांच्या बाजूने बोलणारी, बैठकीत शेजारी बसून साध्या शब्दांत समजावणारी. घरात येणाऱ्या सगळ्यांनी आधी आपसांत ठरवून एकच गोष्ट सांगावी, याला तर पैसेही लागत नाहीत.

निवांत
वेगळ्या माणसांचं पटलं. बुद्ध्यंकाची मर्यादाही सोडतो, पानगळ यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण एका बाबतीत मी हटणार नाही. रात्री हाक मारली की येईल असं एक जबाबदार माणूस नावानिशी नेमलेलं नसेल, तर तान्हं बाळ त्या घरात ठेवू नये. शिकवणं चालू राहू दे, तोवर बाळ सुरक्षित जागी असू दे.

घरभेट
बाळच दुसरीकडे असेल तर शिकवायचं कशावर? बाहुलीवर शिकलेलं रडणाऱ्या बाळापुढे टिकत नाही. नेमलेलं माणूस हवं हे मान्य, पण ते नाही म्हणून शिक्षा आईला आणि बाळाला का? ज्यांनी नेमायचं त्यांना जाब विचारा. आणि तोवर आईला बाळासकट कोणाच्या तरी घरी ठेवता येतं. काही देशांत पालक आणि मूल दोघांनाही सांभाळणारी कुटुंबं असतात.

थोरली
निवांत यांच्या "नावानिशी" या शब्दाला माझा पाठिंबा. फक्त नेमलेलं माणूस पगारी हवं, आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशी दुसरं हवं. मला न विचारता त्या रकान्यात माझं नाव लिहून मोकळे होऊ नका.