डार्क थीमने बॅकलाइट वाचत नाही
काही जण सांगतात की लॅपटॉप किंवा मॉनिटरचा ब्राइटनेस कायम किमान ठेवावा आणि डार्क थीम लावावी, म्हणजे बॅकलाइट (पडद्यामागचे दिवे) जास्त टिकतो. डार्क थीमचा फायदा ओएलईडी पडद्याला, कारण तिथे प्रत्येक पिक्सेल (चित्राचा ठिपका) स्वतः उजळतो. साध्या एलसीडी पडद्यात पान काळं असो वा पांढरं, मागचे एलईडी दिवे सहसा तेवढेच पेटलेले असतात. उजेड फक्त पुढे अडवला जातो.

ब्राइटनेस कमी ठेवल्याने मात्र खरंच फरक पडतो. एलईडी सहसा एकदम जात नाहीत, हळूहळू मंदावतात, आणि करंट व उष्णता कमी तितकं हे सावकाश होतं. पण त्यापायी डोळे ताणू नका! शेजारी कोरा कागद धरा आणि पडद्यावरचं पांढरं पान त्याच्याइतकंच उजळ दिसेल एवढा ब्राइटनेस ठेवा. काही पॅनल ब्राइटनेस उतरवायला एलईडी भराभर चालू-बंद करतात, त्याने काहींचं डोकं दुखतं. ब्राइटनेस उतरवल्यावरच मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसले, तर थोडा वाढवून बघा.

आणि उठताना पडदा बिनधास्त बंद करा. वारंवार चालू-बंद केल्याने झिजायच्या त्या जुन्या लॅपटॉपमधल्या बॅकलाइटच्या ट्यूब, एलईडी नाही.