सड्यावर काय फुललंय? आठवणी लिहा

कातळवाट:
काल भावाने गावाहून फोटो पाठवला. आमच्या सड्याचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराचा. काळ्या कातळावर निळ्या-जांभळ्या फुलांचा पट्टा. ऑफिसात होते, डोळे भरून आले. देवरुखाकडच्या त्याच सड्यावर मे महिन्यात अनवाणी दहा पावलं टाकवत नाहीत, सगळं करपलेलं. आणि ऑगस्टात पाय ठेवायला जागा नाही! आजी म्हणायची, "पाय बघून टाक गो." नाव विचारलं तर सांगितलं, सीतेची आसवं. पुढे कॉलेजात कळलं की ही किडेखाऊ वनस्पती. कातळावर माती बोटभर, त्यात नत्र जवळजवळ नाहीच, म्हणून ओल्या मातीत दडवलेल्या बारीक फुग्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेते. तरी माझ्यासाठी ती आसवंच. सातबाऱ्यावर त्या जागेपुढे 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असं लिहिलंय, ते वाचून फार लागतं. तुम्हाला कुणी कुठली फुलं ओळखायला शिकवली?

माडाखाली:
गेंद राहिले की! आसवांच्या मधेमधे पांढरी बटणं. आम्ही शर्टाच्या काजात खोचून शाळेत जायचो.

चिरेबंदी:
दवबिंदू, तोही किडेखाऊच. लेकाला दाखवला गेल्या वर्षी. लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब, त्यात एक चिलट अडकलेलं. पाऊस आला तरी पठ्ठ्या उठेना, छत्री मी धरली. दूध उतू चाललंय, येते परत.

वाळूतली:
आमच्याकडे सडा नाही, पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू. तिथे मर्यादवेल. जांभळं फूल, पान आपट्यासारखं दुभागलेलं. पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटतात, त्यामुळे वाळू धरून ठेवते. बाबा सांगायचे, होडी वेलाच्या पलीकडे, वरच्या अंगाला ओढायची, खाली समुद्राकडे ठेवायची नाही. बाबा जाऊन चार वर्षं झाली. वेल तिथेच आहे.

कातळवाट:
@वाळूतली, वाचून गलबललं गं. बाबांचं अजून लिही.

सुरंगी_वळेसर:
तेरडा कुणीच कसा नाही लिहिला? आमची गौर तेरड्याचीच. पाणवठ्यावरून मुळासकट आणायची. पिकलेल्या बोंडाला हात लावला की फट्कन फुटतं, आम्हा बहिणींची त्यावरून भांडणं. गौरीच्या घावनांची आठवण आली आता. नारळाच्या रसाबरोबर का गुळाबरोबर, तुमच्याकडे?

माडाखाली:
रसाबरोबरच!! दुसरा प्रश्नच नाही.

कुडाळची_सून:
माझं माहेर घाटावर. पहिल्या चतुर्थीला सासूबाई म्हणाल्या, माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या चौकटीला, शेरवड आण. मी पांढरं दिसतं ते फूल समजून नुसतं तेच तोडून आणलं. त्या हसल्या नाहीत. अंगणात बसवून दाखवलं की पांढरं दिसतं ते फूल नव्हेच, फुलाखालचं एक दल पानासारखं वाढलेलं असतं. खरं फूल मधलं, छोटं, केशरी. माटवीला बांधायचं कवंडळाचं फळही त्यांनीच ओळखायला शिकवलं.

जांभा७२:
आमचा सडा गेला. अर्धा चिरेखाणीत. उरलेल्यावर सुरुंगाने खड्डे, बाहेरून माती, हापूस. आंबा आमचाही आहे, पोट त्यावर आहे, कुणाला बोल लावत नाही. पण दीपकाडी होती तिथे. पहिल्या पावसानंतर कातळाच्या फटीतून कांदा फुटायचा, दांड्यावर पांढरी फुलं. शास्त्रीय नावातसुद्धा कोंकण आहे तिच्या. पोरांना दाखवायची राहिली.

चिरेबंदी:
@जांभा७२ दादा, आमच्या सड्यावर आहे अजून. जूनअखेर पोरांना घेऊन या. जेवायलाच या.

नवखा_पाऊस:
मला एक पिवळं फूल ओळखून हवंय, फोटो टाकतोय. धूसर आहे, धुकं होतं.

कातळवाट:
@नवखा_पाऊस, वरून एकच फोटो नको. बाजूने काढ, पान दिसू दे, शेजारी नाणं ठेव, आणि उपटू नकोस. सोनकी असेल तर डेझीसारखं गोल दिसेल. कवला असेल तर वाटाण्याच्या फुलासारखं.

नवखा_पाऊस:
वाटाण्यासारखंच! वर दोन लाल ठिपके.

माडाखाली:
मग कवलाच. त्याला मिकी माऊस म्हणतात, उलटं धरून बघ.

सुरंगी_वळेसर:
धरायचं कशाला, आपणच वाकायचं 😊 गुळाबरोबर खाणारं कुणीच नाही का इथे?