मदत हवी आहे: मायोर्काच्या डोंगरात आठवडाभर सायकल (एप्रिल)

घाटवाट

मंडळी, नमस्कार.

येत्या एप्रिलमध्ये मी आणि बायको स्पेनमधल्या मायोर्का बेटावर जायचं ठरवतोय. व्हिसा, विमान, हॉटेल यातलं अजून काहीच पक्कं केलेलं नाही, म्हणूनच आत्ता विचारतोय. मी रोड सायकल चालवतो. तिला सायकलमध्ये रस नाही, पण डोंगरात पायी भटकायला आणि जुनी गावं बघायला तिला मनापासून आवडतं. मी दिवसभर घाट चढतोय आणि ती हॉटेलात माझी वाट बघत बसली आहे, अशी सहल मला नको आहे.

बेटाच्या वायव्य किनाऱ्याला लागून सेरा दे त्रामुंताना ही डोंगररांग आहे. डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेली शेती आणि पाणी फिरवायची जुनी व्यवस्था यांमुळे २०११ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. आन्द्राचपासून पोयेन्सापर्यंत मा-१० हा रस्ता या रांगेतून जातो, साधारण ११० किमी. त्यालाच फाटा फुटतो सा कालोब्राचा, आणि खरं सांगायचं तर माझा जीव अडकलाय तो तिथे. ६८२ मीटरवरच्या खिंडीतून रस्ता पार समुद्रापर्यंत उतरतो. साडेनऊ किमी, सरासरी ७ टक्के उतार, २६ वळणं, आणि एका जागी तर रस्ता गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून निघतो. पारिएत्ती नावाच्या अभियंत्याने १९३० च्या दशकात तो आखला. खाली पोचल्यावर पुढे रस्ताच नाही, उतरलात तेवढं परत चढायचं.

माझी तयारी सांगतो. पुण्यात राहतो. सिंहगड नेमाने होतो, पाऊस सरला की पसरणी आणि आंबेनळी. २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांच्या मुदतीत सहज होते. पण सह्याद्रीत एकदा घाट चढला की माथ्यावर बरंच अंतर पाय मोकळे करता येतात. मा-१० चा नकाशा बघितला तर तिथे सपाटी जवळजवळ नाहीच. चढ, उतार, लगेच पुन्हा चढ, आणि तेही रोज. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांना हे सलग झेपेल का? मधे विश्रांतीचा दिवस कुठे घ्यावा?

मुक्काम कुठे करावा यावरून घरात रोज चर्चा चालू आहे. बहुतेक सायकलवाले पोर्ट दे पोयेन्साला राहतात असं दिसतं. बायकोला फोटो बघून पोर्ट दे सोयेर आवडलंय. दुसरं म्हणजे सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? कार्बनची फ्रेम पेटीत भरून दोन विमानं बदलायची म्हणजे जिवाला घोर. आणि आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. डोंगरातल्या गावांत खायचे हाल होतील का?

प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

नेकारकाठ

@घाटवाट, नक्की जा. मी श्टुटगार्टजवळ राहते. वसंतात इथले सायकलवाले मोठ्या संख्येने मायोर्काला पळतात, त्यात मीही असते.

आधी सा कालोब्राबद्दल. सिंहगड नेमाने चढणाऱ्याला तो चढ जड जाणार नाही. बराचसा एकसारखा आहे, लय सापडली की पाय आपोआप चालतात. काळजी घ्या ती उताराची. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि भाड्याच्या सायकलला पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. आपल्याकडे सहसा उलटं. मागचा समजून सवयीने डावा ब्रेक करकचून दाबलात तर पुढचं चाक अडकेल, आणि तेही कठड्यालगतच्या वळणावर. बुकिंग करतानाच दुकानाला लिहा, बरेच जण ब्रेक अदलाबदल करून देतात. ते जमलं नाही तर पहिला दिवस सपाटीवर घालवा. सिनेऊ आणि पेत्राकडचे छोटे रस्ते शांत आहेत, हात तिथे वळवून घ्या.

सायकल भाड्यानेच घ्या. पेडल आणि सीट आपली न्या, सीटची उंची मोजून लिहून ठेवा. गियर मागताना पुढे लहान चक्र ३४ दातांचं, मागे सर्वांत मोठंही ३४ चं असं स्पष्ट सांगा. गुडघ्यांचा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो.

मुक्कामाबाबत वहिनींचंही बरोबर आहे आणि तुमचंही. दोन ठिकाणी राहा. सुरुवात पोयेन्साला करा, तिथून मैदान आणि फोर्मेंतोरचं दीपगृह दोन्ही होतं. फोर्मेंतोरच्या वाटेवर अंधारा बोगदा आहे, सायकलला दिवा हवाच. नंतर सोयेरला या. सोयेरहून कुठेही निघा, गाव सोडलं की चढ सुरू. पुइग मायोर डोंगराचा घाटच १४ किमी, सुमारे ६ टक्के. म्हणून पाय तयार झाल्यावर तिकडे जावं. बेटाची राजधानी पाल्मा, तिकडे जायचा मोटारींचा बोगदा सायकलींना बंद आहे, त्याच्या डोक्यावरून जाणारा कोल दे सोयेरचा जुना घाट घ्यायचा. तोच जास्त देखणा आहे.

वहिनींसाठी सोयेरच उत्तम. १९१२ पासून चालू असलेली लाकडी डब्यांची रेल्वे पाल्माला जाते, बंदरापर्यंत ट्राम आहे, आणि देया गावाकडे जाणारी पायवाट ऑलिव्हच्या झाडांतून, जुन्या दगडी बांधांच्या कडेने जाते. शिवाय पोर्ट दे सोयेरहून सा कालोब्राला बोट जाते. तुम्ही सकाळी उजाडताच पुइग मायोरमार्गे निघा, त्या बोटीने येतील. तिथे कड्यात कोरलेल्या पादचारी बोगद्यातून पलीकडे तोरेंत दे पारेइसच्या घळीत जाता येतं. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे पांढऱ्या गोट्यांचा किनारा. तिथे दोघांनी मिळून डबा खा. समुद्र खवळला की बोट रद्द होते, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा. आणि काहीही झालं तरी पर्यटकांच्या बस सुरू व्हायच्या आत खाली पोचा. बस वळताना अख्खा रस्ता व्यापते.

खाण्याचे हाल नाहीत. टोमॅटो चोळलेला पाव आणि ऑलिव्ह तेल, वर चीज, हे कुठल्याही कॅफेत मिळतं. वांगी, बटाटे, सिमला मिरचीचा तुम्बेत जरूर खा. सोयेरच्या संत्र्यांचा रस रोज प्या. एन्साइमादा मात्र टाळा. दिसायला साधी गोड पोळीसारखी असते, पण त्यात डुकराची चरबी घालतात.

सावकाश

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मायोर्का ३१२ ही मोठी सायकल राइड असते. खोल्या आणि सायकली दोन्ही मिळत नाहीत, महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा. शेंगेन व्हिसासाठी (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. त्यात सायकलवरचा अपघात आणि डोंगरातून उचलून आणायचा खर्च धरलाय का, ते बारीक अक्षरातलं वाचून घ्या. अनेक स्वस्त पॉलिसींत नसतो. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे.

घाटवाट

@नेकारकाठ, @सावकाश, दोघांचे मनापासून आभार. बोटीचं वाचून बायकोने लगेच होकार दिला! एकच अडचण उरली. पोयेन्साहून सोयेरला जाताना सामानाचं काय करायचं? तो पट्टा मला सायकलवरच करायचा आहे.

नेकारकाठ

सामान आणि वहिनी टॅक्सीने, तुम्ही मा-१० ने. मधे ल्युकचा मठ लागतो, तिथे भेटा. पोयेन्साहून ल्युकपर्यंतचा चढ सौम्य आहे, आणि मठाभोवती ओकच्या झाडीत त्यांना दोन तास सहज फिरता येईल. पुढे गोर्ग ब्लाउ आणि कूबेर या दोन तलावांवरून पुइग मायोरच्या बोगद्यापर्यंत चढ, मग सोयेरपर्यंत सरळ उतार. वर गारठा असतो, तेव्हा विंडचीटर टॅक्सीत न देता खिशात ठेवा. एका दुकानातून घेतलेली सायकल दुसऱ्या गावात परत देता येते का, हे मात्र आजच ईमेल करून विचारा. त्यावर बाकीचं सगळं ठरेल.